एक आत्या की एक स्टॉप

पहाटे ४.४०

बडोद्याजवळच्या पादऱ्यात गजर लावावा लागत नाही. भाजी घेऊन यार्डाकडे निघालेले टेम्पो चारपासूनच रस्ता जागा करतात. खाली स्टुडिओ, वर घर. मी दिवा न लावता खाली उतरतो आणि टेबलावर हात फिरवून मोजतो. दोन बॉडी, सहा बॅटऱ्या, दोन फ्लॅश, चार कार्डे आणि दोन लेन्स.

लेन्स माझ्या नाहीत. काल संध्याकाळी बडोद्याहून भाड्याने आणल्या, उद्या दहा वाजता परत द्यायच्या आहेत. एक सोनीची २४-१०५ एफ ४, दुसरी टॅमरॉनची २८-७५ एफ २.८, जी टू म्हणतात ती. दोन्हींपैकी एक विकत घ्यायची आहे. दोन घेण्याइतकी लग्ने अजून लागायची आहेत. नोव्हेंबरची अखेर आहे, देवदिवाळीनंतर मोसम सुरू झालाय आणि डिसेंबरच्या मध्याला कमुरतां, म्हणजे लग्नाला वर्ज्य महिना, लागली की थेट संक्रांतीपर्यंत मंडप उठतात. माझी जुनी लेन्स गेल्या मोसमात एका हॉलच्या जिन्यावरून गडगडत खाली गेली. दोष जिन्याचा नव्हता, माझ्या ढिल्या पट्ट्याचा होता.

धंद्यातल्या पोरांना विचारले तर उत्तर एकच येते, "लग्नाला टू पॉइंट एटच पाहिजे, त्यात विचार काय करायचा?" इतक्या ठामपणे सांगितलेल्या गोष्टीबद्दल मला नेहमी शंका येते. म्हणून ठरवले, आज एकाच लग्नात दोन्ही गळ्यात घालायच्या. नव्या ए७ फोर बॉडीवर टॅमरॉन, जुन्या ए७ थ्रीवर २४-१०५. दुपारी अदलाबदल करायची, म्हणजे बॉडीचे श्रेय लेन्सला जायला नको.

आप्पा, माझे वडील, जिन्यात येऊन उभे. "किती लेन्सा नेतोस?"

"दोन."

"आणि गळा?"

आप्पांनी आयुष्यभर यशिकाच्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यावर लग्ने काढली. एका रोलला बारा फोटो, झूम नाही. जवळचे हवे तर जवळ जायचे, सगळे हवे तर मागे सरकायचे. बडोद्यात राहिलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंतची दिल्ली टिपताना असाच रोलीफ्लेक्स वापरला, हे आप्पा महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. आज पहाट असल्यामुळे वाचलो.

५.३०

वजन करून पाहिले, घरच्या काट्यावर. कंपन्या जे छापतात तेच निघाले, २४-१०५ चे ६६३ ग्रॅम आणि २८-७५ चे ५४०. फरक १२३ ग्रॅमचा. दुकानात हा आकडा मोठा वाटतो. बॉडी, फ्लॅश आणि बॅटऱ्या लटकवल्यावर कुठली बाजू जड ते खांद्याला कळत नाही. फिल्टरचा व्यास ७७ आणि ६७. माझ्याकडचे जुने फिल्टर ६७ चे आहेत, म्हणजे टॅमरॉनला एक गुण. हा गुण लिहून ठेवला, पण लग्न काढताना मी फिल्टर शेवटचा कधी लावला होता ते आठवले नाही.

६.४५

वधूचे घर गावातच, जुन्या वस्तीत. आमच्यासारखेच हे कुटुंब, गायकवाडी नोकरीत पणजोबा तालुका कचेरीत आले आणि राहिले. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, भांडण दोन्हीत. मुलगी पुण्यात शिकली आणि बोरसदकडच्या पटेलांच्या मुलाशी लग्न ठरवून आली. त्यामुळे आज मंगलाष्टकेही आहेत आणि हस्तमेळापही. मला काम दुप्पट आणि पैसे एकाच लग्नाचे.

सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तोवर घरात ट्यूबलाइटच. हळद माजघरात. माजघर लहानसे, त्यात पाट, जाते, कलश, मुंडावळ्यांची मुलगी आणि सतरा बायका. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा. मागे सरकायला जागा नाही, कारण मागे पाण्याचा पिंप.

इथे आकड्यांचा जीव कळतो. मी समोरच्या भिंतीपासून साधारण तीन मीटरवर. २४ ला त्या अंतरावर साडेचार मीटर रुंदी चौकटीत बसते, २८ ला तीन मीटर पंच्याऐंशी. फरक पासष्ट सेंटिमीटर. कागदावर हे चार मिलिमीटर, २४ आणि २८. माजघरात ते पासष्ट सेंटिमीटर म्हणजे एक आत्या.

आत्या भिंतीला टेकून, अगदी डाव्या कडेला उभी. भरजरी पैठणी, नाकात नथ, हातात हळदीची वाटी. टॅमरॉन डोळ्याला लावली, आत्या बाहेर. २४-१०५ लावली, आत्या आत, वाटीसकट. टॅमरॉनवरही एकदा काढावे म्हणून "आत्या, जरा मधे या ना" म्हटले, तर त्या मधे आल्या आणि उजवीकडचे काका कोपरापासून कापले गेले. वहीत लिहिले, "आत्या: सोनी."

७.२०

हळद उडायला लागली की लेन्स बदलायची नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, पुढे आरसा नसतो. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात निदान आरसा आणि पडदा तरी आड यायचे. ए७ फोरमध्ये बंद करताना पडदा मिटण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. हळदीची पूड एकदा आत गेली की अल्बमच्या प्रत्येक आकाशात तोच ठिपका. लेन्स एकच घ्यावी आणि ती दिवसभर पुरावी, हा हट्ट मुळात यातून आलाय.

८.३०

सेव उसळ. पातळ तर्री, वर शेव, बाजूला पाव. मिसळीची ही गुजराती चुलत बहीण बडोद्याची म्हणून ओळखली जाते. बोटाला लाल तेल लागले की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, म्हणून रुमाल दोन.

९.१५

दागिने. हे काम शांततेचे, बंद खोलीत, खिडकीच्या उजेडात. मंगळसूत्र, बांगड्या, मेंदीचे हात. इथे टॅमरॉन जिंकेल असे मी धरून चाललो होतो, कारण २८ वर ती अठरा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. सोनीची मर्यादा अडतीस.

जाते खरी. पण हे अठरा सेंटिमीटर मोजतात सेन्सरपासून. त्यातून माउंटपर्यंतचे अंतर आणि लेन्सची लांबी वजा केली की काचेच्या तोंडापासून मंगळसूत्रापर्यंत चार-साडेचार सेंटिमीटर उरतात. एवढ्या जवळ लेन्स स्वतःच खिडकीच्या आड येते. सगळे मणी तिच्या सावलीत. उलट २४-१०५ शंभरावर नेऊन अडतीस सेंटिमीटरवरून काढले तर मणी थोडे लहान येतात, पण उजेडात येतात. टॅमरॉन ७५ वर नेली तर तीही अडतीसवर थांबते, आणि मग जवळ जाण्याची बढाई उरत नाही.

१०.३०

पार्टी प्लॉट, गावाबाहेर जंबुसर रस्त्यावर. माझा मदतनीस पोरगा फोन कानाला लावून आला, "भाई, जान हजी आवी नथी." जान म्हणजे वराकडचे वऱ्हाड, ते अजून आले नव्हते.

येणार कशी? पूर्वी बोरसदकडून मुजपूर-गंभीरा पुलावरून मही ओलांडली की पादरा तालुका. ९ जुलै २०२५ ला त्या पुलाचा एक भाग तुटून नदीत पडला, वाहने गेली, माणसे गेली. तेव्हापासून पलीकडच्या माणसाला वळसा घालून यावे लागते, आणि लग्नाच्या मुहूर्तात तो वळसा कुणी धरत नाही. भटजींनी घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, जणू मी जान लवकर क्लिक करू शकेन.

या रिकाम्या वेळात गाडीत बसून, काचा वर करून लेन्सची अदलाबदल केली.

११.५०

जान आली. ढोल, बँड, वराच्या डोक्यावर साफा. आता दाराशी पोंखणे. गुजराती रिवाजात वधूची आई जावयाला ओवाळते आणि मग पटकन त्याचे नाक ओढते. आमच्या काकूंना, म्हणजे वधूच्या आईला, हे काल रात्री समजले. त्या आधीच लाजऱ्या, त्यात समोर दोनशे पटेल. वर नाक वाचवायला मान मागे घेतो, त्याचे मित्र उपरण्याने तोंड झाकतात. सगळा खेळ फार तर पाच सेकंदांचा आणि नाक हातात येते ते अर्ध्या सेकंदाचे.

मी जवळ असायला हवा होतो. नव्हतो. माझ्यापुढे व्हिडिओवाला गिंबल घेऊन, त्याच्यापुढे दुसऱ्या पार्टीचा कॅन्डिडवाला, त्याच्यापुढे सगळ्यांचे मोबाइल. आप्पांच्या काळी पुढे फक्त माणसे असायची, आणि माणसे आप्पांना वाट देत. मी पायरीवर चढलो, सहा मीटर मागे. १०५ ला सहा मीटरवर दोन मीटरची रुंदी चौकटीत येते, म्हणजे दोन चेहरे, एक हात आणि एक नाक. तेवढेच. काकूंनी डोळे घट्ट मिटून नाक ओढले, ते मिळाले.

७५ ला तिथून जवळजवळ तीन मीटर येतात, म्हणजे कडेला चार मोबाइल आणि एक आइस्क्रीम. पोरे म्हणतात, नवी बॉडी आहे ना, क्रॉप कर. ए७ फोरवर क्रॉप मोड लावला की ७५ चे ११२ होते, फोटो चौदा मेगापिक्सेलचा उरतो. करिझ्मा अल्बमचे बारा बाय छत्तीसचे पान घ्या, त्याच्या अर्ध्यावर तो फोटो लावला तर इंचाला साधारण २५६ पिक्सेल पडतात. छपाईला पुरतात, तक्रार नाही. पण सेन्सरचा निम्म्याहून मोठा भाग फेकून दिलेला असतो आणि त्याच्याबरोबर त्यावर पडलेला प्रकाशही. दाण्याच्या हिशेबात २.८ ची लेन्स तिथे ४ सारखीच वागते. ज्या एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट प्रकाशासाठी, ती लेन्स घ्यायची तो स्टॉप क्रॉपचे बटण दाबताच परत गेला. हे सांगणारा मला आजवर कुणी भेटला नव्हता, पायरीवर उभे राहून कळले.

१२.४०

अंतरपाट. भटजींच्या आवाजावर बँडवाल्यांनी एकदा चाल केली, काकांनी हात वर करून थांबवली. भर दुपारी मंडपाच्या पांढऱ्या कापडातून गाळलेला उजेड इतका मऊ असतो की कुठलीही लेन्स चालते. मी एफ ५.६ वर काढत होतो. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, त्या गोठवायला शटर पाचशेवर, आयएसओ तरीही चारशेच्या आसपास. अशा वेळी २.८ म्हणजे घरात आणून ठेवलेला पाहुण्यांचा डिनर सेट.

लाजाहोमाच्या वेळी वधूच्या भावाने जावयाचा कान पिळला. पटेल मंडळींना हे माहीत नव्हते. सकाळी नाक, दुपारी कान, वराचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मंडपाच्या खांबाला टेकून होतो, होमाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. ९८ मिलिमीटरवर काढला. आकडा आता सांगतोय तो रात्री संगणकावर पाहून. त्या क्षणी हात आपोआप फिरतो, आकडा कुणी वाचत नाही.

२.३०

जेवण. उंधियू, पुरी, श्रीखंड आणि आग्रहाने मसालेभातही. फोटोवाल्यांची पंगत शेवटची.

३.१०

ग्रुप फोटो, दीड तास. यात लिहिण्यासारखे काही नाही. एफ ८, फ्लॅश, "काका, इकडे बघा", "छोकरांव, आगळ आवो". दोन्ही लेन्स सारख्या, दोन्ही पक्ष सारखे. मामांची बाजू कुठली यावरून दहा मिनिटे गेली.

५.४०

बिदाई. मला या दिवसातली हीच वेळ अवघड जाते, आणि ती लेन्समुळे नाही.

सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश निळे, दाराशी एक पिवळा दिवा आणि सगळे रडतायत. मी इथे फ्लॅश मारत नाही. आप्पा मारायचे, तेव्हा इलाज नव्हता. आई मुलीच्या खांद्यावर डोके टेकवते त्यावेळी पांढरा भडका उडवणे मला जमत नाही.

शटर १/१०० च्या खाली नेता येत नाही, माणसे हलतायत. कॅमेऱ्यातली आणि लेन्समधली थरथर थोपवणारी यंत्रणा इथे बिनकामाची. ती माझे हात स्थिर करते, हुंदका देणाऱ्या आईचे नाही. आणि दिव्याचाही प्रश्न आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/१०० च्या पलीकडे वेगाने गेलो की चौकटीत काळे पट्टे. म्हणजे शटर खिळलेले, उरते छिद्र आणि आयएसओ. एफ ४ ला आयएसओ १२८००, एफ २.८ ला ६४००. हाच तो एक स्टॉप, दुप्पट प्रकाश, ज्याच्या नावाने पोरे शपथा घेतात. इथे शपथ खरी आहे. टॅमरॉनच्या फोटोत काकूंच्या गालावरचे पाणी दिसते, सोनीच्या फोटोत गालावर काहीतरी आहे एवढे दिसते.

आणि त्याच टॅमरॉनवर, ७५ ला, दोन मीटरवरून २.८ ने काढलेल्या चार फोटोंत आई स्पष्ट आणि मुलगी धूसर. त्या अंतरावर सारे मिळून बारा सेंटिमीटरच स्पष्ट असते. दोन माणसे मिठीत असली तरी त्यांची डोकी एका पातळीत नसतात. मी नकळत चाक फिरवून ४ वर गेलो. सतरा सेंटिमीटर मिळाले, दोघी आल्या, आयएसओ १२८००.

७.३०

स्वागत समारंभ नाही, वर वधूला घेऊन गेला. पुन्हा तोच वळसा घालून. मी सामान गाडीत भरले. काकांनी हातात पेढ्यांचा खोका दिला आणि विचारले, "फोटो कधी?" तेराव्या तासाला हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो, त्याला झोप येत नसते एवढेच.

९.५०

घरी. कार्डे दोन डिस्कवर उतरवतोय, एक इथे राहते, एक बायकोच्या माहेरी जाते. ती दर मोसमात विचारते, "अहो, माझ्या माहेरी दागिने ठेवतात लोक, तुम्ही पटेलांची लग्नं ठेवता?"

लाइटरूममध्ये फोटो लेन्सच्या आकड्याप्रमाणे गाळता येतात. अंदाजावर भांडण्यापेक्षा हे बरे. २८ च्या खालचे गाळले, जवळजवळ सगळे माजघरातले, सकाळच्या पाऊण तासातले. ७५ च्या वरचे गाळले, ते दिवसभर पसरलेले, नाक, कान, मामीचे हसू, मंडपामागे झोपलेला पोर. मग टॅमरॉनवर २.८ ने काढलेले गाळले. थोडे, आणि बहुतेक बिदाईच्या वेळचे. बाकी वेळ २.८ ची लेन्स मी स्वतःच ४ ला, ५.६ ला बंद करून वापरली होती.

म्हणजे दिवसातली वीस मिनिटे. ही वीस मिनिटे क्षुल्लक नाहीत, अल्बमचे शेवटचे पान त्यातूनच निघते. पण वीस मिनिटांसाठी दिवसभर ७५ वर अडकायचे का? कपाटात जुन्या बॉडीबरोबर घेतलेली ५० मिलिमीटर एफ १.८ पडून आहे. १.८ म्हणजे २.८ पेक्षाही सव्वा स्टॉप उजेड. दोन बॉडी आहेतच, बिदाईच्या आधी एकीवर ती चढवून ठेवायची, हळद तोवर धुऊन गेलेली असते. दोघींची डोकी एका पातळीत आणायला मग मलाच दोन पावले बाजूला सरकावे लागेल, आप्पांसारखे. कपाट उघडले. ५० च्या टोपणावर मुलाने स्केचपेनने डोळे काढलेत.

उद्या दहाला दोन्ही परत, आणि २४-१०५ ची नवी नोंदवून यायची.

१०.५५

काकांचा निरोप. "हळदीचा ग्रुप फोटो आत्ता पाठवता का? आत्या जागी आहे, नातेवाइकांत टाकायचा म्हणते."

माजघरातला २४ वाला उघडला. आत्या आत आहेत, वाटीसकट, अगदी डाव्या कडेला. आप्पा मागून वाकून बघतात. "ही कोण? हिला काय झालं?"

काही झालेले नाही. २४ वर चौकटीच्या कडेला माणूस आडवा ताणला जातो, उंचीच्या मानाने साधारण चौथाईने रुंद. भिंगाचा दोष नाही, सपाट सेन्सरवर एवढा मोठा कोन बसवायचा तर भूमितीच तशी आहे. २८ लाही होते, पाचव्या हिश्शाच्या आतबाहेर. सकाळी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलेले "आत्या: सोनी" समोर होते. पैठणीचे काठ ताटाएवढे झालेत.

सॉफ्टवेअरमध्ये कड आत घेता येते, पण मग पाट वाकडा होतो आणि उजवीकडचे काका बारीक.

टॅमरॉनवरचा दुसरा उघडला. आत्या मधे, सडपातळ, नथ चमकतेय. काका कोपरापासून नाहीत.

तो पाठवला.